सुल्माच्या जावळाची पहिली कात्री

कासिमिराला आई नव्हती असं म्हणायची सोय नाही. नुसतं म्हणून बघा, अरानी गावातल्या निम्म्या बायका हातातलं काम टाकून अंगावर येतील. "म्हणजे? मग आम्ही कोण होतो?"

खरं म्हणजे तिची जन्मदाती ती रांगत असतानाच गेली, आणि बाप पोतोसीच्या खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून कासिमिराला गावाने वाढवलं. एका घरी न्याहारी, दुसऱ्या घरी जेवण. तिसरीने वेण्या घालायच्या, चौथीने "ही काय वेणी म्हणायची की बकरीचं शेपूट?" म्हणत त्या सोडून पुन्हा घालायच्या. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तिला निदान चार पद्धतींनी येते, आणि त्यातली प्रत्येक पद्धत कशी चूक आहे हे सांगणाऱ्या उरलेल्या तिघी अजून ठणठणीत आहेत. तिच्या लग्नाच्या फोटोत धर्मआयाच इतक्या आहेत की नवरी शोधावी लागते.

अशी बाई शांत स्वभावाची निघेल असं ज्याला वाटतं त्याने आमच्या गावात चार दिवस राहून दाखवावं. कासिमिरा पाव भाजते, आणि टोपीएवढा गोल अरानीचा पाव तिच्याइतका चांगला कुणाला साधत नाही, हे तिचे वैरीसुद्धा तोंडात घास असताना कबूल करतात. पण चिडणं हा तिचा मुख्य धंदा, पाव हा जोडधंदा. लाकडं ओली निघाली की ती चिडते. लाकडं फार सुकी असली की भट्टी भडकते, म्हणून चिडते. नवरा रुफिनो सान्ता क्रूसच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. तो घरी असला की त्याच्यावर चिडते, आणि नसला की, तो नाही म्हणून.

या सगळ्या चिडण्यांची पट्टराणी मात्र एकच होती. तिला तिची मुलगी वाढवू देत नव्हते.

मुलगी सुल्मा. वय पाचाला टेकलेलं. दिसायला देवळातल्या पुतळ्यांमधल्या पंखवाल्या बाळासारखी, आणि करणीने त्या पुतळ्याचे पंख मोडणाऱ्यासारखी. ही पोरगी घरातून निघून चौकापर्यंत जाईतो तिचं पाच वेळा संगोपन व्हायचं. पहिल्या दारात कुणी तिचं नाक पुसायचं. दुसऱ्या दारात "डाव्या हाताने खातेस? शी!" म्हणून हातावर चापट. तिसऱ्या दारात "डाव्या हाताची माणसं हुशार असतात" म्हणून त्याच हातात उकडलेलं कणीस. ऊन आहे, टोपी घाल. टोपीने डोकं तापतं, टोपी काढ. कुणीतरी जंत होऊ नयेत म्हणून गळ्यात लसणाची माळ घालायचं, आणि पुढच्या घरी "पोरीला वास मारतोय, आई आंघोळ घालते की नाही?" अशी चौकशी व्हायची. पोरीने कुठे खडा उचलला की तो तिच्या हातून सुटायच्या आत बातमी भट्टीपाशी पोचलेली असायची, आणि बातमी आणणारी नुसती बातमी आणून थांबायची नाही.

"कासी, तुझी पोरगी खडे मारते. तू लहानपणी असं करत नव्हतीस. मी करू दिलं नाही."

सात सुगरणी आणि भाजी अळणी, म्हणतात. इथे तर भाजीच चुलीवरून उडी मारून पळत होती आणि सुगरणी एकमेकींच्या नावाने बोटं मोडत होत्या.

त्यात जावळाचा घोळ. आमच्याकडे मुलाच्या केसांना जन्मल्यापासून कात्री लावत नाहीत. मग एक दिवस मोठा थाट करून जावळ काढायचं, त्याला रुतुचा म्हणतात. केसांच्या बटांना फिती बांधायच्या, एकेका धर्मबापाने, धर्मआईने एकेक बट कापायची, ताटलीत ठेवायची, वर देणगी ठेवायची, कुणी कोकरू द्यायचं, आणि कात्री लावणाऱ्या सगळ्यांचं त्या मुलावर जन्मभराचं नातं लागायचं. पहिली कात्री ज्याची, त्याचा शब्द पहिला. शाळा कुठली, लग्न कुणाशी, पोरगं बिघडलं तर थोबाडीत कुणी द्यायची, सगळं त्याला विचारून.

हे जावळ मूल दोन-तीन वर्षांचं होईतो उरकतं. सुल्माचं राहिलं, कारण पहिली कात्री रुफिनोने दोघांना कबूल केली होती. एकदा दोन्या हिलारियाला, म्हणजे हिलारियाबाईला. ती शेजारची, मक्याची दारू, म्हणजे चिचा, गाळून विकते, सुल्माच्या बाप्तिस्म्याची धर्मआई, आणि कासिमिराला लहानपणी वाढवणाऱ्यांतली सगळ्यात मोठ्या आवाजाची. दुसऱ्यांदा आनाक्लेतोला. तो अरानी ते पुनाता मिनीबस चालवतो आणि सुल्मा दवाखान्यात पोचायच्या आधी त्याच्याच मागच्या सीटवर जन्मली, हा त्याचा दावा नाकारता येत नाही. सीटवरचं कापड त्याला बदलावं लागलं होतं. दोन्ही वेळा रुफिनोच्या हातात चिचेचं भांडं होतं. कासिमिराने त्याला फोनवर फैलावर घेतलं तेव्हा तो म्हणाला, "मग दोघांनी मिळून एकच कात्री धरू दे की."

"आणि तुला कापू दे," कासिमिरा म्हणाली.

तेव्हापासून हिलारिया आणि आनाक्लेतो दोघेही हटून बसले होते आणि सुल्माचे केस वाढत होते. कमरेच्या खाली आले. त्यात काटे, पिसं, पावाचा चुरा, एकदा जिवंत टोळ निघाला. रोज सकाळी भट्टी पेटवायची, कणीक मळायची आणि वर हे जंगल विंचरायचं. पोरगी असं किंचाळायची की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची, आणि भिंतीपलीकडून हिलारियाचा आवाज यायचा: "हळू गं कासी! तुझे केस मी असे ओढले होते का?"

ओढले होते. कासिमिराला चांगलं आठवत होतं.

फेब्रुवारीत बालवाडी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ते घडलं. बाजाराची कणीक लाकडी काथवटीत फुगत ठेवली होती, वर कापड घालून. कासिमिरा लाकडं आणायला मागे गेली आणि परत आली तर कापड श्वास घेत होतं. तिने ते उचललं. आत सुल्मा. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळी कणकेत, आणि ते दीड हात लांब केस कणकेत असे मुरलेले की कणीक कुठे संपते नि पोरगी कुठे सुरू होते ते कळेना.

"मी लपलेय," सुल्मा म्हणाली. "तू मला शोध."

कासिमिराने आधी हाताने सोडवून बघितलं. मग पाणी, मग चरबी. चरबीने कणीक निघायच्या ऐवजी खुसखुशीत झाली. पोरगी भोकांड पसरत होती, भट्टी तापून तयार होती, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "कासी, तेल लाव!" दुसऱ्या भिंतीपलीकडून हिलारियाचा आला, "तेल नको गं, राख!" तेव्हा कासिमिराने पिठाची पोती कापायची कात्री उचलली.

एकच बट कापायची होती. पण एक कापल्यावर दुसरी बाजू वाकडी दिसायला लागली. ती सरळ करताना मागचं राहिलं. ज्याने कुणी रागाच्या भरात केस कापलेत त्याला पुढचं सांगायला नको. हिलारिया राख घेऊन दारात उभी राहिली तेव्हा सुल्माचं डोकं सोललेल्या बटाट्यासारखं झालं होतं आणि जमिनीवर सगळं जावळ कणकेत मळून पडलं होतं. फीत नाही, ताटली नाही, धरणीमातेला चिचेचा थेंब नाही.

हिलारियाच्या हातातली राख खाली सांडली. "काय केलंस हे! धर्मआईला न विचारता?"

"माझी मुलगी आहे!"

"एकटीची?"

"हो, एकटीची!" कासिमिराच्या हातात अजून कात्री होती. "पोटात मी वागवली. रात्रंदिवस मी निस्तरते. तुम्ही सगळे येता, एकेक चमचा मीठ टाकून जाता. बास झालं! आजपासून तिला कुणी टोपी घालू नका, कणीस देऊ नका, ओरडू नका. माझी मुलगी मी वाढवीन!"

"आणि तुला कुणी वाढवली गं? आभाळातून पडलीस?"

"सगळ्यांनी वाढवली! म्हणून तर म्हणते. मी आजारी पडले की कुणाला हाक मारायची तेच मला कळायचं नाही. माझ्या पोरीला ते कळलं पाहिजे. तिला एक आई असू दे, दोन्या हिलारिया, एकच."

हिलारिया घागरा झटकून निघून गेली.

आणि गावाने कासिमिराचा शब्द अक्षरशः पाळला. हाच आमच्या लोकांचा दुष्टपणा आहे. भांडले असते तर तिला सोसलं असतं. ते सभ्य झाले. कालपर्यंत "ए कासी" होती, ती "सेन्योरा", म्हणजे बाईसाहेब, झाली. "कोमाद्रे" म्हणणाऱ्या बायका, मुलीच्या नात्याने तिच्या बहिणीसारख्या झालेल्या, त्या रस्त्यात मान लववून "शुभ दुपार, सेन्योरा" म्हणायला लागल्या, जशी काही ती कोचाबांबाहून आलेली तपासनीस.

पहिले दोन दिवस कासिमिराला स्वर्ग वाटला. कुणी बातमी आणेना, कुणी भिंतीपलीकडून सल्ला देईना. तिने आनंदाने कणीक मळली. तिसऱ्या दिवशी सुल्माला शोध लागला की आता जगात पोलीस उरलेले नाहीत.

हिलारियाच्या दारावर बांबूला पांढरं फडकं लावलेलं असतं, आज चिचा तयार आहे याची खूण. सुल्माने ते उतरवलं, खांद्यावर बांधलं आणि राणी होऊन चौकभर फिरली. गिऱ्हाइकं दारावरून परत गेली. हिलारिया उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ओठ दाताखाली दाबून तिने आत जाऊन दुसरं फडकं फाडलं आणि लावलं. कार्निव्हलसाठी बँडवाले सराव करत होते, त्यांच्या सगळ्यात मोठ्या पितळी भोंग्यात सुल्माने पिकलेले पीच टाकले. वाजवणाऱ्याने गाल फुगवून जोर केला, तो पीच सुटून पाद्रीबाबांच्या झग्यावर बसला. पाद्रीबाबांनी झगा बघितला, मुलीकडे बघितलं, आणि "देव तुझं भलं करो" म्हणून ते निघून गेले. हे सगळं कासिमिराला कळलं ते झगा धुवायला टाकलेला दिसला तेव्हा.

ती तणतणत हिलारियाच्या दारात गेली. "तुमचं फडकं तिने पळवलं, सांगायचं नाही का?"

"आम्ही कोण सांगणारे, सेन्योरा?"

"निदान ओरडायचं तरी!"

"परवानगी नव्हती." हिलारियाने गाळणं पिळलं. "तुम्ही वाढवताय. छान वाढतेय."

कासिमिरा घरी आली आणि तिने दोन परातींचे पाव करपवले. एक आई म्हणजे दोन डोळे, आणि ते दोन्ही भट्टीच्या तोंडाकडे. बालवाडी दुपारपर्यंत, पुढे पोरगी कुठे असते ते शोधायला ती पिठाच्या हातांनी गल्लीगल्ली हिंडायची. तिच्या लक्षात आलं की आजवर ती कधी शोधतच नव्हती. गाव पोरीवर इतकं सतत खेकसत असायचं की पोरगी कुठे आहे ते नुसत्या आवाजावरून कळायचं. आता गल्लीत शांतता होती, आणि कुणी खेकसताना ऐकू येतंय का म्हणून ती कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून कान द्यायची. पण हे कबूल करेल तर ती कासिमिरा कसली! ती आणखी चिडली, एवढंच.

असे दोन-तीन आठवडे गेले. गुरुवारी बाजार भरतो. कासिमिराने चौकात पावांचा ढीग मांडला, सुल्माला बाजूला पोत्यावर बसवलं, हातात पाव दिला. तीन गिऱ्हाइकं झाली. वळून बघते तर पोत्यावर पाव, आणि पोरगी नाही.

"माझी मुलगी बघितली?" तिने कणसंवालीला विचारलं.

"बघितली की, सेन्योरा. मघाशी इथूनच गेली. एकटीच होती."

"मग थांबवलं नाही?"

कणसंवाली कणसांकडे बघायला लागली. भांडीवालीनेही बघितली होती. मेंढ्यांच्या बाजारातल्या म्हाताऱ्यानेही बघितली होती. तिची पिशवी कुठल्या खांद्याला होती तेसुद्धा त्याने सांगितलं. सगळ्या गावाने पोरीला पावलोपावली बघितलं होतं आणि सगळ्यांनी तिला अदबीने वाट करून दिली होती. शेवटी कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, "ती बटाट्याच्या ट्रकजवळ उभी होती. म्हणाली, माझ्या बाबाचा ट्रक आहे. चढली."

"आणि?"

"आणि ट्रक गेला."

कासिमिराच्या घशातून जो आवाज आला तो चिडण्यातला नव्हता. तिने घागरा वर धरला आणि पुनाताच्या रस्त्याकडे धाव घेतली. टोपी पडली, ती तिने उचलली नाही. रुफिनोचा ट्रक निळा, बटाट्याचे सगळेच ट्रक निळे. पाच वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? आणि ट्रकवाल्याला तरी काय कळणार की मागे बटाट्यांवर एक बटाटा जास्त आहे? ती धावत होती आणि तोंडाने, दम लागेपर्यंत, गावातल्या एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होती. सगळ्यात शेवटची शिवी तिने स्वतःला घातली.

गावाबाहेरच्या वळणावर धुळीचा लोट दिसला. लोटातून आनाक्लेतोची मिनीबस आली आणि कचकन थांबली. दार उघडलं. आधी एक उघडं डोकं बाहेर आलं, पांढऱ्या विस्कटलेल्या वेण्यांचं. दोन्या हिलारिया. टोपी नाही, एका पायात चप्पल नाही, छाती भात्यासारखी हलतेय. आणि तिच्या हातात कान होता, आणि कानाला लागून सुल्मा.

"ही घे," हिलारिया म्हणाली. तिला बोलवत नव्हतं तरी ती बोलली. "मी दारातून बघितली चढताना. म्हटलं, आपण कोण. म्हटलं, परवानगी नाही. ट्रक हलला तेव्हा माझे पाय मला न विचारता धावायला लागले. हा गाढव मागून गाडी घेऊन येत होता, त्याच्या गाडीत चढले आणि ट्रक अडवायला लावला. आणि हो, कान मी पिळलाय. राग आला असेल तर आत्ताच बोल."

सुल्मा तारस्वरात रडत होती. कासिमिराने तिला ओढून पोटाशी दाबलं, धुळीने भरलेलं ते बटाट्यासारखं डोकं चाचपलं, हातपाय मोजून घेतले. मग मान वर करून हिलारियाकडे बघितलं.

"दुसरा का सोडलात?"

"काय?"

"दुसरा कान. का सोडलात?"

"दुसऱ्या हाताने घागरा धरला होता," हिलारिया म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर मटकन बसली. जरा दम खाऊन ती म्हणाली, "आणि कासी, तू म्हणालीस ना, हाक कुणाला मारायची कळायचं नाही. तू सहा वर्षांची होतीस, तापाने फणफणली होतीस. भर दुपारी 'आई' म्हणून ओरडलीस. कोण आलं आठवतं?"

"नाही."

"आठवणार कसं! चौघी जणी धावलो आणि दारात अडकलो. आत कुणालाच जाता येईना. भांडत बसलो. तेवढ्यात तुला झोप लागली."

कासिमिरा हसली की रडली ते आनाक्लेतोला समजलं नाही. तो हॉर्न वाजवत होता, कारण मिनीबसमध्ये पुनाताला निघालेली माणसं होती आणि ती सगळी परत अरानीला आली होती. पण त्यांतलं कुणी कुरकुरत नव्हतं. सगळी खिडक्यांतून डोकी काढून बसली होती, आणि मग, कितीतरी आठवडे तुंबलेलं पाणी बांध फोडून यावं तसं सुरू झालं.

"कासी, ही पोरगी टाकीवर चढते, माहितेय का?"

"देवळातल्या मेणबत्त्या खाते!"

"माझ्या कोंबड्यांना चिचा पाजली तिने. दोन दिवस कोंबडा आरवला नाही!"

"टोपी नाही डोक्याला? केस नाहीत, टोपी तरी घाल गं!"

"हे सगळं मला आत्ता सांगताय?" कासिमिरा ओरडली. तिचं डोकं पुन्हा भट्टीसारखं तापलं होतं आणि तिला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. "मेणबत्त्या? मेणबत्त्या खाताना बघत होतात?"

हिलारिया दगडावरून उठून सुल्माच्या डोक्यावरून उलटा हात फिरवत होती, कापडाची प्रत बघावी तसा. "अर्धं बोट आलेत. कार्निव्हलनंतर फीत बांधण्याइतके होतील. बांधता आली नाही तर चिकटवू. कात्री मी आणीन."

"कात्री तुम्ही?" आनाक्लेतो गाडीतून उतरलाच. "गाडी कुणाची होती? जन्मली कुणाच्या गाडीत, आणि आज परत आली कुणाच्या गाडीत? पहिली कात्री माझी!"

"तुझी? रुफिनोने माझ्या घरात, माझी चिचा पिऊन मला शब्द दिलाय!"

"मलाही तुमचीच चिचा पिऊन दिलाय!"

कासिमिराने सुल्माला पाठीवर घेतलं आणि झोळीची गाठ छातीवर करकचून आवळली. "पहिली कात्री झालेली आहे," ती म्हणाली. "आईने मारली. पिठाची पोती कापायच्या कात्रीने मारली, वाकडी मारली, पण मारली. आता दुसरी कुणाची यावर भांडा."

असा काही हिशेब असू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग हिलारियाने पदर कमरेला खोचावा तसा घागरा खोचला.

"दुसरी माझी," ती म्हणाली.

"का म्हणून?" आनाक्लेतो म्हणाला, आणि मिनीबसमधल्या लोकांनी आपापल्या बाजू घेतल्या.

कासिमिरा त्यांना तिथेच सोडून चौकाकडे निघाली. पाठीवरून सुल्माने विचारलं की दुसरी कात्री कधी. "तू गप्प बस," कासिमिरा म्हणाली. कोपऱ्यावर कणसंवालीने "सापडली का गं, कासी?" म्हणून सुल्माच्या डाव्या हातात कणीस दिलं आणि लगेच त्या हातावर चापट मारून ते उजव्या हातात दिलं. कासिमिराने झोळीची गाठ पुन्हा आवळली आणि ती पावांच्या ढिगाशी येऊन बसली. ढीग निम्मा झाला होता. कुणीतरी तिच्यामागे विक्री करून ठेवली होती, आणि ती सगळी चुकीच्या भावाने.